दोन देऊन एक परत घेणारे सर

मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी सरांनी माझ्या हातावर दोन संत्री ठेवली. मी 'थँक्यू' म्हणायच्या आत त्यातलं एक काढून घेतलं, चष्म्याच्या वरून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग शिपाई रामभाऊंना हाक मारली आणि त्यांच्या हातावर एकच संत्रं ठेवलं. रामभाऊंनी ते खिशात घातलं आणि गाणं गुणगुणत ते निघून गेले.

"पाह्य," सर मला म्हणाले, "तुह्या हातात एक, त्याच्याही हातात एक. तो खुशीत गेला. तू काहून तोंड पाडून राहिली?"

"मी कुठे तोंड पाडलं, सर?"

"पाडलं. लिवलं मी इथं."

मी तेवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून ही माझी पहिली नोकरी. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मी मैत्रिणीला सांगितलं की आमच्या विभागप्रमुखांचं डोकं ठिकाणावर नाही.

सर मूळ अचलपूरचे. अमरावतीत राजापेठेला एका ट्यूशन क्लासच्या वर दोन खोल्या घेऊन एकटे राहायचे. खाली पोरं मोठमोठ्याने पाठांतर करायची आणि वरून सर खिडकीतून डोकं काढून त्यांच्या चुका दुरुस्त करायचे. क्लासवाल्यांनी तीनदा तक्रार केली आणि चौथ्यांदा त्यांना शिकवायलाच बोलावलं. मे महिन्यात अमरावती भट्टीसारखी तापते तेव्हाही त्यांच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं असायचं. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "वेळेवर कोनी पकडलंच नाही मले."

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम तीन वस्तू असत: शेंगदाण्यांची पुडी, स्टीलच्या दोन वाट्या आणि ती वही. एका वाटीला लाल दोरा बांधलेला, दुसरीला हिरवा. दोन्ही वाट्या टेबलावर पालथ्या घालायच्या. लाल वाटीखाली बहुतेक वेळा दाणा सापडायचा, हिरवीखाली क्वचितच. समोरच्याला हे सांगायचं नाही. त्याने वाटी उचलत राहायची आणि सरांनी टिपून घ्यायचं. कोणती वाटी भाग्याची हे थोड्या वेळाने सगळ्यांनाच कळतं. सरांना पाहायचं असायचं ते निराळंच. काही माणसं सापडलेल्या दाण्यावरून शिकतात आणि काही माणसं न सापडलेल्या दाण्यावरून. वहीत म्हणून दोन रकाने होते: 'मिळालं' आणि 'गेलं'. सरांच्या ओळखीचं प्रत्येक माणूस यातल्या एकात बसवलेलं होतं. रिक्षावाला 'मिळालं'. न्हावी 'गेलं'. प्राचार्य आधी 'मिळालं'त होते, नंतर खोडून 'गेलं'त आले आणि ही खोडाखोड त्यांना कोणीतरी सांगितल्यामुळे महिनाभर सरांशी बोलले नाहीत.

एकदा विद्यापीठाची समिती तपासणीला आली. आम्ही आठ दिवस खपून प्रयोगशाळा घासूनपुसून ठेवली होती. सरांनी समितीच्या अध्यक्षांना वाट्यांसमोर बसवलं. अध्यक्ष पाऊण तास दाणे शोधत बसले, दोनदा चिडले, एकदा टाळी वाजवली आणि प्रयोगशाळा न पाहताच 'समाधानकारक' असा शेरा मारून जेवायला गेले.

आमच्याकडे फळमाश्यांच्या बाटल्या होत्या. आनुवंशिकतेचे प्रयोग त्यांच्यावर चालत. त्यांचं खाणं म्हणजे रवा, गूळ आणि यीस्ट एकत्र शिजवून केलेली लापशी, आणि ती शिजवायचं काम माझं. पातेलं ढवळताना सर शेजारी स्टुलावर येऊन बसत आणि बोलत. मी जे काही शिकले ते त्या गुळाच्या वासात शिकले.

"मेंदूत एक रस सुटते," ते सांगत. "वाटलं होतं त्याच्यापेक्षा जास्त भेटलं, का तो उसळते. कमी भेटलं, का बुडते. त्याच्यावरूनच मानूस शिकते, पुन्हा काय करायचं अन् काय नाही. आता तो रस किती सुटावा, किती वेळ टिकावा, त्याले झेलनाऱ्या जागा किती असाव्या, हे सगळ्यायचं सारखं नसते. नाक कसं, कोनाचं लांब, कोनाचं बसकं! तसंच हे. थोडंफार मायबापाकडून येते. म्हनून तोच फटका एकाले चापट लागते अन् दुसऱ्याले लाठी."

"हे तुमच्या डोक्यात कसं आलं, सर?"

"माह्या भावामुळं."

सरांचा धाकटा भाऊ अचलपुरात बांगड्यांचं दुकान चालवायचा आणि गच्चीवर कबुतरं पाळायचा. लहानपणी एकदा त्याने सगळी कबुतरं शर्यतीत घालवली. रात्री पोटभर जेवला, झोपला आणि सकाळी शेजाऱ्याकडून एक लंगडं कबूतर मागून आणून पुन्हा सुरुवात केली. सरांची त्याच आठवड्यात एक पेन्सिल हरवली होती. ते चार दिवस रडत होते. "एक माय, एक बाप, एक ताट," सर म्हणत. "मंग हा फरक आला कुठून? मी त्याले विचारलं, तुले काही वाटत नाही काय रे? तो म्हने, वाटते ना, पन कबूतर वर उडालं का विसरून जातो."

स्वतः सरांना हार अजिबात सोसत नसे. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत कॅरम चाले. सर हरले की त्या दिवशी जेवत नसत. त्यांचा डबा रामभाऊ खायचे, त्यामुळे सर हरावेत अशी रामभाऊंची मनापासून इच्छा असायची.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय सर कळणार नाहीत.

ती वर्षं वऱ्हाडात कोणाचीच चांगली नव्हती. पेपरात रोज आतल्या पानावर एक चौकट यायची. गावाचं नाव, माणसाचं नाव, वय. कापूस पिकवणाऱ्यांचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण कापसाच्या भोवती जगणारी माणसंही बरीच होती. माझे बाबा मूर्तिजापूरजवळच्या एका जिनिंगमध्ये मापारी होते. गाड्या यायच्या, बाबा काट्यावर उभे राहून वजन करायचे. बाबांचा काटा म्हणजे शंका नाही, असं लोक म्हणायचे. जिनिंग बंद पडलं. बाबा त्यानंतरही महिनाभर रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि बंद फाटकासमोर बसून परत यायचे. मग तेही थांबलं. आणि एका पहाटे ते गावाबाहेरच्या विहिरीत गेले.

ते वाचले. शेतातल्या दोघांनी त्यांना ओढून काढलं. पण त्यानंतर ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसू लागले आणि घरात त्या गोष्टीबद्दल कोणी ब्र काढला नाही. माझे आजोबा, बाबांचे वडील, विहिरीतच गेले होते. ते मात्र वाचले नव्हते.

मी अमरावतीत नोकरी करत होते, हसत होते, माश्यांची लापशी ढवळत होते. पण हातून काचपट्टी फुटली आणि दोन तास मन जड राहिलं की मला वाटायचं, झालं, आता सुरू झालं. आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे. सरांच्या वहीत माझं नाव कोणत्या रकान्यात आहे ते मी चोरून पाहिलं होतं. 'गेलं'.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. वरूडचं स्थळ ठरलं तेव्हा त्यांनाही बाबांबद्दल 'तब्येत बरी नसते' एवढंच सांगितलं होतं. मुलगा मिलिंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरचा संत्री भरून पाठवायचा धंदा. माणसं बरी होती. तारीख काढायची बाकी होती.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गावच्या विहारातल्या पोरांनी मला म्हटलं, तुमच्या सरांना व्याख्यानाला आणा. मी मोठ्या अभिमानाने सरांना घेऊन गेले. बाबाही आले होते, शेवटच्या रांगेत. सरांनी संत्र्यांपासून सुरुवात केली, लोक हसले. मग त्यांनी मेंदूतल्या रसाबद्दल सांगितलं. मग म्हणाले, "हारीचा मार कोनाले जास्त लागते, कोनाले कमी. अन् हे काही अंशी रक्तातून येते."

आणि लाइन गेली.

माईक बंद, पंखे बंद. माणसं रुमालाने वारा घेत उठू लागली. सर पुढे बोलत होते, अगदी जीव तोडून बोलत होते, पण ते पहिल्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांपलीकडे गेलं नाही. आणि मागे एका स्थानिक पेपरचा वार्ताहर बसला होता. मंगळवारी बातमी आली: 'आत्महत्या रक्तातच! प्राध्यापकांचं मत.'

गावात दोन दिवसांत जोडाजोड झाली. आजा गेला, बाप जाता जाता राहिला, आता पोट्टीचं पाहा. ती बातमी आणि ती जोडाजोड वरूडला कोणी पोचवली कोण जाणे. मिलिंदच्या मोठ्या काकांचा आमच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. "सध्या घाई नको," एवढंच म्हणाले.

पुढच्या सोमवारी मी प्रयोगशाळेत गेले, बाटल्या धुतल्या, आणि सर आल्यावर उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाबांचं, आजोबांचं, वरूडचं. आवाज चढवला नाही. सर स्टुलावर बसले. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

मंगळवारी सर जेवले नाहीत. बुधवारीही नाही. रामभाऊ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, दोन दिवस झाले, मीच खाऊन राहिलो. आता मलेही जात नाही."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. एरवी सरांशी प्रमाण मराठीत बोलायची माझी धडपड असे. त्या दिवशी तोंडातून घरचीच भाषा आली. "सर, लगन माहं मोडलं आणि उपाशी तुमी राहून राहिले? हे कोन्तं शास्त्र आहे?"

सरांनी वर पाहिलं. "मी अर्धंच बोललो," ते म्हणाले. "गंमतीचं अर्धं आधी बोललो. कामाचं अर्धं अंधारात गेलं."

"मग ते उजेडात बोला ना. इथं बसून काय होनार आहे?"

 त्यांनी डबा उघडला आणि माझ्यासमोर बसून सगळा संपवला.

रविवारी ते आमच्या घरी आले. पिशवी नव्हती, वही नव्हती. बाबा बाजेवर नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले होते. सर "जयभीम, भाऊ" म्हणाले आणि सरळ बाज आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत स्टूल घालून बसले. आता बाबांना भिंत दिसेना, सरच दिसू लागले.

मी आणि आई आत चुलीपाशी होतो. आई भाकरीचं पीठ मळत होती. मधल्या दाराला पडदा होता, पण आवाज स्वच्छ येत होता. मला वाटलं होतं सर माफी मागतील, इकडचं तिकडचं बोलतील. त्यांनी विचारलं, "भाऊ, उडी मारली तवा काय वाटलं होतं?"

आईचा हात पिठातच थांबला. मी उठायला निघाले, तर तिने पिठाच्या हाताने माझा दंड धरला.

 मग बाबांचा आवाज आला. इतक्या महिन्यांत त्या आवाजात सलग दोन वाक्यं मी ऐकली नव्हती.

"काही वाटत नव्हतं, सर. काहीच वाटत नव्हतं, म्हनून तर गेलो."

"अन् पान्यात पडल्यावर?"

"थंड लागलं," बाबा म्हणाले. "लय थंड. अन् वाटलं, हे आपन काय करून बसलो."

"मंग?"

"मंग हात मारले. मोटरीचा दोर हाती लागला."

विहिरीत पाण्याची मोटर नायलॉनच्या दोराला टांगलेली असते, तो दोर.

"किती वेळ धरला?"

"अंधार होता तवा धरला. लाइन आली, ते दोघं मोटर लावाले आले, तवा सोडला."

त्या आठवड्यात आमच्या गावात लाइन सकाळी दहाला यायची. आईने मनात हिशेब केला तो मला तिच्या बोटांवरून कळला. माझ्या दंडावर ती एकेक करून घट्ट झाली. पाच तास.

"हात पाहू," सर म्हणाले.

बाबांच्या दोन्ही तळव्यांवर आडवे व्रण होते. आम्ही ते रोज पाहत होतो. ओढून काढताना खरचटलं असेल, असंच धरून चाललो होतो. सगळं गावही तेच सांगत होतं, दोघांनी ओढून काढलं. आणि ते खोटं नव्हतं. पण ओढायला माणूस उरला होता तो पाच तास दोर धरून राहिला म्हणून, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"हे कोनाले सांगतलं काहून नाही, भाऊ?"

"कोनी विचारलंच नाही."

आई पडदा सारून बाहेर गेली. तिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं. ती जमिनीवर बाबांसमोर बसली आणि आधी रागावलीच. "पाच घंटे! अन् आवाज नाही देता आला?"

"देल्ता," बाबा म्हणाले. "लय देल्ता. कोनी नव्हतं तथी."

मग ती रडली, आणि तेही. सर स्टुलावर तसेच अवघडून बसले होते, कारण भिंत, बाज आणि आई यांच्यामधून बाहेर पडायला त्यांना जागाच नव्हती.

भाकरी खाताना सर बाबांना म्हणाले, "तुमच्या मेंदूत मार मोठा लागते, भाऊ. माह्याही लागते. साखरेची बिमारी असलेला गोळी घेते ना? त्याले कोनी नावं ठेवत नाही. उद्या माह्यासंगं अमरावतीले चला. डाक्टर आहे." बाबा गेले. पहिल्या महिन्यात काही फरक दिसला नाही, दुसऱ्या महिन्यात ते बाज अंगणात टाकून बसू लागले.

आणि तिसऱ्या महिन्यात सर आणि बाबा वरूडला गेले. ही गोष्ट मी बाबांच्या तोंडून ऐकली आहे, बऱ्याचदा, आणि दर वेळी ती थोडी लांबते. पण गाभा असा.

मिलिंदचं घर म्हणजे पुढे संत्र्यांचं गोदाम आणि मागे राहायची जागा. सगळं घर जमलं होतं. मोठे काका मध्ये बसले होते. सरांनी त्यांना सांगितलं की व्याख्यान मी दिलं, बातमी अर्धी आली, उरलेलं अर्धं द्यायला आलो आहे. एक जनुक नसतं, शेकडो असतात, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यात माणसाचं घर, शेजार, काम, झोप, सगळं मिसळतं. मार किती लागेल त्यावर रक्ताचा थोडा हात असतो. मार लागल्यावर माणूस काय करील ते रक्तात लिहिलेलं सापडत नाही.

काका म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. रक्तात आहे का नाही, ते एका शब्दात सांगा."

"एका शब्दात सांगतलं गेलं, म्हनून तर हे सारं झालं," सर म्हणाले.

"पन सर, तुमी शिकलेले मानसं. आमाले पोराची काळजी. ज्याच्या घरी हे झालं नाही, त्याले काय कळनार?"

तेव्हा सरांनी, ज्यांना कॅरममधली हार कोणी बघितलेली चालत नसे त्या सरांनी, बारा अनोळखी माणसांसमोर स्वतःची गोष्ट सांगितली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ते नापास झाले होते. पहिल्यांदाच. अचलपूरला गावाभोवती जुना परकोट आहे, उंच दगडी तट, त्यावर ते चढून बसले होते, उतरायचं नाही असं ठरवून. तिथे धाकटा भाऊ आला. तो त्यांना शोधत नव्हता. त्याचं एक कबूतर भटकलं होतं, ते शोधत होता. त्याने भावाला वर पाहिलं आणि त्यांच्या घरच्या हिंदीत ओरडला, "भाई, वहाँ से दिखता है क्या, देखो ना जरा!" सरांनी पाहिलं. कबूतर खरंच समोरच्या कमानीवर बसलेलं होतं. भाऊ म्हणाला, "चलो उतरो, पकड़ने को दो आदमी लगते." आणि सर उतरले.

"मी आज त्रेपन्न वर्षांचा आहे," सर म्हणाले. "तेहतीस वर्षं झाली. माह्या रक्ताचं काय करता? हा मानूस पाच घंटे दोर धरून होता. त्याच्या रक्ताचं काय करता?"

 मिलिंदच्या आईने चहा आणला. काका म्हणाले, "विचार करू."

परतीच्या एसटीत सर खिडकीला डोकं टेकून बसले. हरलो, म्हणाले. मोर्शीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बाबा उतरले, दोन आलुबोंडे घेऊन आले, आणि सर नको नको म्हणत असताना त्यांच्या हातात दिले. "सर, खा. तुमी नाही खाल्लं तर मी पोरीले सांगीन." सरांनी खाल्ले. माझ्या बाबांनी त्या दिवशी दुसऱ्या माणसाची समजूत घातली, आणि मला वाटतं डॉक्टरांच्या गोळ्यांइतकाच त्याचाही उपयोग झाला असावा.

आठ दिवसांनी मिलिंद एकटाच प्रयोगशाळेत आला. मी बाटल्यांच्या कपाटामागे उभी राहिले. सरांनी सवयीने त्याच्या हातावर दोन संत्री ठेवली. त्यातलं एक काढून घ्यायला हात पुढे करतात तोवर मिलिंदने एक सोलून अर्धं सरांच्या हातावर ठेवलं होतं आणि दुसरं रामभाऊंना दिलं होतं. सर वही उघडून बसून राहिले. कोणत्या रकान्यात लिहावं ते त्यांना कळेना. मिलिंद म्हणाला, "काकाले वेळ लागल, सर. मले लागनार नाही." पुढच्या हिवाळ्यात आमचं लग्न झालं. काका तोंड वाकडं करून आले आणि दोनदा वाढून घेऊन जेवले.

सरांची परकोटाची गोष्ट मात्र त्यांच्याआधी अमरावतीला पोचली. स्टाफरूममध्ये मंडळी त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागली. सरांना त्याचं काही वाटलं नाही. ते चिडले ते एकाच गोष्टीवर. "मले कॅरममधे मुद्दाम जिंकवून राहिले!" ते माझ्यापाशी येऊन ओरडले. "क्वीन समोर ठेवतात माह्या!" सर सलग तीन आठवडे जिंकले आणि रामभाऊ वाळले.

नोकरी सोडून वरूडला जाण्याआधी मी शेवटची लापशी शिजवत होते तेव्हा त्यांना विचारलं, "सर, आणि माझ्यात?"

ते खोटं बोलू शकले असते. "तुले दुखल," ते म्हणाले. "इतरायपेक्षा जास्त दुखल. आठवडा झाला, पंधरा दिवस झाले अन् थांबलंच नाही, तर डाक्टरकडे जाजो, लाजजो नको. याच्यापुढचं मले माहीत नाही. कोनाले माहीत आहे म्हनलं, तर त्याच्यावर विश्वास नको ठेवजो." मग पातेल्यात डोकावून म्हणाले, "गूळ कमी पडला."

सर निवृत्त होऊन अचलपूरला भावाकडे राहायला गेले. बाबा अधूनमधून त्यांच्याकडे जात. दोघं गच्चीवर बसत आणि भाऊ त्यांना कबुतरं धरायला लावी.

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारीत मृगाचा बहार तोडायला आला होता. आम्ही दोघांनी पहिल्यांदाच स्वतःची बाग केली होती, माझ्या हातची रोपं होती ती. दुपारी अर्धा तास गारपीट झाली. नंतर बागेत गेले तर झाडांवर पानसुद्धा नव्हतं आणि सगळी संत्री चिखलात, गारांमध्ये, फुटलेली. मी तिथेच बांधावर बसले. मिलिंद काहीतरी बोलत होता, ते ऐकू येत नव्हतं. रात्रभर मी डोळे उघडे ठेवून वाट पाहत होते. ज्याला आयुष्यभर घाबरले ते आता येणार, अशी. छातीवर दगड होता. दुसऱ्या दिवशीही होता. मुलीला शाळेत पाठवलं, पुन्हा येऊन बसले. आणि अकराच्या सुमारास मला काहीतरी वेगळं जाणवलं. ते काय आहे हे ओळखायलाच मला थोडा वेळ लागला.

मी सरांना फोन लावला. बाग गेल्याचं सांगितलं.

"किती दुखलं?" त्यांनी विचारलं. ना अरेरे, ना धीर धर. "दहापैकी सांग."

"नऊ."

"झोप?"

"नाही लागली."

"अन् आता? आता काय होऊन राहिलं?"

"आता..." मला सांगायची लाज वाटत होती. "आता भूक लागून राहिली, सर. लय भूक लागली."

  मग सरांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. तोंड वळवून ते गच्चीच्या दिशेने, फुटक्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत होते.

"अरे सुन! उसको भूक लगी! भूक लगी उसको!"

आणि वरून, कबुतरांच्या फडफडाटातून, कोणाबद्दल चाललंय याचा पत्ता नसलेल्या भावाचा आवाज आला.

"तो खाना दे दो ना उसको, भाई!"